हेरपटाचा दुसरा भाग: थरार कुठून आणायचा

दुसरा भाग लिहायला बसलं की पहिली चर्चा गाड्यांची होते. पहिल्या भागात दोन उडाल्या, आता सहा उडवू. निर्मात्याला हे लगेच पटतं, कारण गाड्यांचा हिशेब बजेटात मांडता येतो. प्रेक्षकाला मात्र उडालेल्या गाड्यांचा आकडा आठवत नसतो. त्याला आठवतं ते एवढंच, की हा माणूस कसाबसा वाचला, जाताजाता त्याने कुणाला तरी दुखावलं आणि काहीतरी तसंच राहून गेलं. हे राहून गेलेलं म्हणजे उधारी. दुसऱ्या भागात ती वसूल करायला कुणीतरी दारात उभं राहतं, आणि थरार तिथून सुरू होतो. (पुढे उदाहरणांत कथानकं फुटणार आहेत. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी चित्रपट पाहून यावं.)

आधी खतावणी

पहिला भाग तीनदा पाहा. एकदा नुसता, एकदा हातात वही घेऊन, एकदा आवाज बंद करून. वहीत चार रकाने आखा: नायकाने काय कमावलं, काय गमावलं, कुणाचं नुकसान केलं आणि त्याच्या कोणत्या युक्त्या उघड झाल्या. प्रत्येक रकान्यात निदान पाच नोंदी हव्यात. पाच सापडत नसतील तर दुसऱ्या भागाचा विचार लांबणीवर टाकावा हे बरं. पहिला भाग हिशेब पूर्ण मिटवून संपलेला आहे.

तिसऱ्या रकान्यातून खलनायक निघतो. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये गुन्हेगारी संघटनेला रशियन सांकेतिक यंत्र तर हवं असतंच, पण त्याच चालीत बाँडला बदनाम करून मारायचंही असतं, कारण आदल्या वर्षीच्या पहिल्या चित्रपटात त्याने त्यांचा माणूस संपवला होता. त्यामुळे बाँडसाठी खास मारेकरी तयार केला जातो. तो पहिल्याच प्रसंगात बाँडसारख्या दिसणाऱ्या माणसाला सरावादाखल मारतो, आणि वेळ मोजली जाते: १ मिनिट ५२ सेकंद. त्या एका आकड्याने पुढच्या सगळ्या चित्रपटाला घड्याळ लागतं. खलनायक किती क्रूर आहे हे संवादात सांगत बसू नका. मोजून दाखवा.

चौथा रकाना लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. पहिल्या भागात वापरलेली युक्ती म्हणजे खर्च झालेले पैसे. नायक मुखवटा घालतो हे प्रेक्षकाला कळलं की पुढच्या वेळी तो प्रत्येक अनोळखी चेहऱ्याकडे संशयाने पाहतो. मग त्या युक्तीचं करायचं काय? ती ऐन वेळी बिघडवायची. 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेच्या चौथ्या भागात, २०११ मध्ये, दुबईच्या बुर्ज खलिफात मुखवटे बनवणारं यंत्रच बंद पडतं आणि दोन बैठका एकाच वेळी, उघड्या चेहऱ्याने निभावून न्याव्या लागतात. सगळ्यांना आठवतो तो काचेवरचा चढ. कथेला खरी कलाटणी देतं ते बंद पडलेलं यंत्र. आणि चढतानाही काचेला चिकटणारा हातमोजाच दगा देतो. भरवशाचं साधन फितूर होण्याचाच तो दुसरा प्रकार.

पहिली पंधरा पानं

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पहिल्या पंधरा पानांत दोन कामं उरकायची: पहिला भाग न पाहिलेल्याला आत घ्यायचं, आणि पाहिलेल्याला हादरवायचं. दोन्ही कामं एकाच घावात होतात. पहिल्या भागाच्या शेवटी नायकाला जे मिळालं, ते हिसकावून घ्या.

याचा उत्तम नमुना गोव्यात घडतो. २००४ चा 'द बॉर्न सुप्रिमसी' (बॉर्न मालिकेचा दुसरा भाग) सुरू होतो तेव्हा स्मृती गेलेला मारेकरी-हेर बॉर्न आणि त्याची प्रेयसी मारी गोव्यात लपून राहत असतात. त्याला तुटक स्वप्नं पडतात आणि तो ती वहीत उतरवून ठेवतो. बाजारात एक माणूस दिसतो. कपडे चुकीचे, गाडी चुकीची, त्या गावात न शोभणारा. पाठलाग सुरू होतो. पूल ओलांडला की उतरून मागच्यासाठी दबा धरायचा, म्हणून बॉर्न स्टिअरिंग मारीच्या हाती देतो. मारेकऱ्याच्या हिशेबाने चालक म्हणजे बॉर्न. गोळी मारीला लागते आणि गाडी पुलावरून नदीत जाते.

या प्रसंगाची बांधणी नीट उकलून पाहा. मृत्यूचं कारण जागेची अदलाबदल आहे, म्हणजे नायकाचाच एक शहाणा, व्यवहारी निर्णय. त्यामुळे अपराधीपण त्याच्याकडेच राहतं. मारेकऱ्याला वाटतं बॉर्न मेला, त्यामुळे पुढची अनेक पानं तो मेलेला समजूनच सगळे चालतात आणि त्याला हालचालीला मोकळीक मिळते. तिसरी गोष्ट बऱ्याच नंतर उगवते: हातात सापडलेल्या गुन्हेगार अधिकाऱ्याला बॉर्न जिवंत सोडतो, ते केवळ मारीला हे आवडलं नसतं म्हणून. एका मृत्यूतून तीन कामं झाली.

याच्या नकला फार झाल्या आणि बहुतेक फसल्या. नायकाची बायको वा प्रेयसी पाचव्या पानावर हसते, बाराव्या पानावर मरते, आणि पुढे दीड तास तिचा फोटो पाकिटात. पात्र मरण्यासाठीच आणलंय हे प्रेक्षकाला लगेच कळतं. साधी चाचणी घ्या: तिच्या मृत्यूमुळे नायक उत्तरार्धात एक तरी गोष्ट वेगळी करतो का? उत्तर नाही असेल, तर तिला जिवंत ठेवा आणि दुसरं काहीतरी हिसका. नोकरी, ओळख, पासपोर्ट, मित्राचा विश्वास. हेराकडे गमावण्यासारखं पुष्कळ असतं.

पहिल्या भागाची आठवण करून द्यायची ती जास्तीत जास्त तीन ठिकाणी, आणि शक्यतो वस्तूतून. "तुला आठवतं ना, बर्लिनमध्ये आपण…" असं एक पात्र दुसऱ्याला सांगायला लागलं की समजावं, लेखकाने आळस केला.

चढती भाजणी टाळा

पहिल्या भागात दोन मजल्यांवरून उडी, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात विमानातून. ही चढती भाजणी कुठेतरी संपते, आणि बजेट तर त्याआधीच संपतं. आकार वाढवण्यापेक्षा तीच गोष्ट नव्या अडचणीत टाकावी. बॉर्नच्या पहिल्या भागात पॅरिसच्या घरात तो साध्या पेनने लढतो. दुसऱ्या भागात म्युनिकमध्ये गुंडाळलेल्या मासिकाने. तिसऱ्यात मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये हाती येतं एक पुस्तक. खर्च जवळपास शून्य, तरी प्रेक्षक वाट पाहतो की आता हा काय उचलेल. म्युनिकचं मासिक तर मारामारीनंतरही कामाला येतं: गॅसची नळी तोडून, ते मासिक टोस्टरमध्ये खुपसून बॉर्न निघून जातो. एकच वस्तू दोनदा कमावते.

एक मोठा प्रसंग बांधताना

१२० पानांच्या पटकथेत असे चार प्रसंग पुरे, प्रत्येकी आठ ते दहा मिनिटांचे. पाचवा घातलात तर माणसांना बोलायला जागा उरत नाही.

प्रत्येक प्रसंगासाठी एक ए-थ्री कागद घ्या. त्यावर जागेचा नकाशा काढा आणि पात्रांच्या जागी नाणी ठेवा: नायक एक रुपया, मारेकरी दोन रुपये, पोलीस पाच. नकाशात अशा तीन खुणा हव्यात ज्या कॅमेऱ्याला कुठूनही दिसतील. मनोरा, पूल, लाल रंगाचं दुकान, काहीही. आता प्रसंग वळणांमध्ये तोडा. सहा-सात वळणं, एकेक साठ ते नव्वद सेकंदांचं. प्रत्येक वळणावर निदान एक नाणं हललं पाहिजे आणि कुणाची तरी परिस्थिती बदलली पाहिजे. दोन वळणांच्या मध्ये "आणि मग" आलं तर प्रसंग ढिला आहे. "पण" किंवा "म्हणून" आलं तर पुढे चला.

त्याच कागदाच्या कोपऱ्यात तीन ओळी लिहा. नायकाला इथून नेमकं काय न्यायचंय? वेळ किती आहे? नियम काय? नियमाची ओळ सर्वांत मोलाची. 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेतल्या २०१८ च्या 'फॉलआउट'च्या शेवटी दोन अणुबाँब एकमेकांना जोडलेले आहेत, काउंटडाउन १५ मिनिटांचं आहे, आणि रिमोटमधली किल्ली काढल्याशिवाय तारा कापता येत नाहीत. नियम एवढाच, पण त्यामुळे काश्मीरच्या पहाडातली माणसं वेगवेगळ्या ठिकाणी असूनही एकमेकांना बांधली जातात. बाँबपाशी बसलेल्याला वर हेलिकॉप्टरमध्ये काय चाललंय ते दिसत नाही. प्रेक्षकाला दोन्ही दिसतं. (पडद्यावरचे ते पहाड बरेचसे न्यूझीलंडमधले आहेत.) नियम प्रसंग सुरू होण्याआधी, शांत आवाजात, एकदाच सांगून टाकावा. पाठलागाच्या मध्यात ओरडून सांगितलेला नियम कुणाच्या कानात शिरत नाही.

बेत सांगायचा की लपवायचा? जुना, खात्रीचा दंडक आहे: बेत पूर्ण सांगितला तर तो फसला पाहिजे, बेत यशस्वी होणार असेल तर तो प्रेक्षकापासून झाकून ठेवा. सांगितलेला बेत सांगितल्यासारखाच पार पडला, तर प्रेक्षकाला तीच गोष्ट दोनदा पाहावी लागते.

पैसे नसलेल्यांनी २००७ च्या 'द बॉर्न अल्टिमेटम'मधला लंडनच्या वॉटर्लू स्टेशनचा प्रसंग वहीत उतरवून काढावा. त्यात गाडी उडत नाही, इमारत कोसळत नाही. एका पत्रकारावर गुप्तचरांची नजर आहे, स्टेशनभर कॅमेरे आहेत. बॉर्न दुकानातून एक प्रीपेड फोन घेतो, गर्दीत त्याच्या खिशात सरकवतो आणि दुरून त्याला चालवतो. इथे थांब, आता डावीकडे वळ, वाकून बुटाची नाडी बांध. थरार कुठून येतो? कौशल्य एकाकडे आहे आणि पाय दुसऱ्याचे. पत्रकार सांगितल्याबरहुकूम वागतो तोवर वाचतो. घाबरून स्वतःच्या डोक्याने निघतो तिथे संपतो.

हा साचा आपल्याकडे दादर स्टेशनवर जसाच्या तसा बसेल. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट, त्यांना जोडणारे पूल, फुलबाजाराकडे उतरणारा जिना. मुंबईच्या प्रेक्षकाला नकाशा समजावून सांगावा लागणार नाही. त्यात एक आयती फट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे क्रमांक मिळाले; त्याआधी दोन्ही रेल्वेंचे क्रमांक एकपासूनच सुरू व्हायचे. पाच वर्षं देशाबाहेर असलेला हेर "एक नंबरवर भेट" म्हणतो आणि समोरचा वेगळ्याच फलाटावर उभा राहतो. एवढ्यावर आठ मिनिटं निघतात. चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी आणि शुल्क लागतं, शिवाय गर्दीची वेळ मिळत नाही. म्हणून गर्दीचे रुंद शॉट थोडे आणि जवळचे शॉट जास्त अशी शॉटांची यादी आधीच करून ठेवावी.

मध्यंतर आणि गद्दार

आपल्या थिएटरात मध्यंतर असतं आणि ते साठाव्या-पासष्टाव्या पानाच्या आसपास पडतं. तिथे नायकाला कड्यावर लटकवून ठेवू नका. नायक मरणार नाही हे पॉपकॉर्नच्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मध्यंतराला माहिती उलटवा: ज्याच्यासाठी आपण धावत होतो तोच शत्रू निघाला, किंवा ज्याला सोडवलं तो कैदी नव्हताच.

गद्दाराबाबत एक कटू गोष्ट. हेरपटाचा नियमित प्रेक्षक पहिल्या बैठकीतच वरिष्ठाकडे बोट दाखवतो आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत ते गुपित राखण्यात आता काही हाती लागत नाही. प्रेक्षकाला मध्यावर सांगून टाका आणि नायकाला अंधारात ठेवा. मग दोघं एका गाडीतून चाललेत, एक जण पाण्याची बाटली पुढे करतोय, एवढंही पुरतं.

शूटिंगचा क्रम

नायक-नटाचा सर्वांत धोक्याचा शॉट वेळापत्रकाच्या मध्यात ठेवू नये. 'फॉलआउट'च्या वेळी, ऑगस्ट २०१७ मध्ये, लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना टॉम क्रूझचा घोटा मोडला आणि काम कित्येक आठवडे थांबलं. तो शॉट चित्रपटात आहे. उठून लंगडत पळतो तो अभिनय नाही. पुढे याच मालिकेच्या २०२३ ला आलेल्या भागासाठी मोटरसायकलवरून कड्याखाली झेप घेण्याचा स्टंट नॉर्वेत मुख्य चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी उरकला. हेतू साधा होता: काही विपरीत व्हायचंच असेल तर बाकीचा खर्च होण्याआधी कळावं. तेव्हा धोक्याचं काम पहिल्या दिवशी तरी करा, नाहीतर नटाचे बाकी सगळे सीन संपल्यावर.

प्रकाशाचा हिशेबही आधी मांडा. 'फॉलआउट'मधली २५,००० फुटांवरून मारलेली उडी संधिप्रकाशात हवी होती. तसा प्रकाश रोज जेमतेम तीन मिनिटं मिळायचा, म्हणजे दिवसाला एकच प्रयत्न. सरावासकट शंभरावर उड्या झाल्या. तुमची उडी गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर असेल, पण संध्याकाळ हवी असेल तर गणित तेच. रेकीला, म्हणजे जागा पाहायला, गेल्यावर मोबाइलवर सलग तीन संध्याकाळी, एकाच जागेवरून, दर पाच मिनिटांनी फोटो काढा. मग शॉट किती घ्यायचे ते ठरवा.

फाइट मास्टरला पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यालाच बोलवा. शेवटी बोलावलं तर तो आपल्या ठेवणीतले हात दाखवतो आणि तुमचा हेर गल्लीतल्या दादासारखा लढतो. बंदुकीची बिनगोळीची (ब्लँक) काडतुसंही जवळून इजा करतात. त्यांतून तापलेला वायू आणि कण बाहेर पडतात. नळीच्या तोंडाचा जाळ नंतर संगणकावर टाकणं स्वस्तही पडतं आणि सुरक्षितही.

कापाकापी

बॉर्नच्या दुसऱ्या भागानंतर हलता कॅमेरा आणि झटपट कट यांची साथ आली. मूळ चित्रपटात ते चालतं, कारण कोण कुठे आहे याचा पत्ता सुटत नाही. मॉस्कोच्या पाठलागात बॉर्नकडे पिवळी व्होल्गा टॅक्सी आहे आणि मारेकऱ्याकडे उंच, चौकोनी मर्सिडीज. अर्ध्या सेकंदाच्या शॉटमध्येही गाडी ओळखू येते. शिवाय बॉर्नच्या खांद्याला गोळी लागलेली असते आणि टॅक्सी प्रत्येक धडकेला थोडी थोडी मोडत जाते, त्यामुळे पाठलाग कितपत पुढे गेला हे गाडीच्या अवस्थेवरूनच कळतं.

याउलट २००८ चा बाँडपट 'क्वांटम ऑफ सोलेस' घ्या. उधारी भक्कम होती: आदल्या भागाचा शेवट झाल्यावर काही मिनिटांतच हा सुरू होतो, नायकाची प्रेयसी गेलेली आहे आणि गुन्हेगार गाडीच्या डिकीत आहे. पण सुरुवातीच्या पाठलागात बाँडची गाडी गडद आणि मागच्याही गडद. कट इतके भराभर की कोण कुणाला ठोकतंय ते दुसऱ्यांदा पाहताना उमगतं. त्यात अमेरिकेतल्या लेखकांच्या २००७-०८ च्या संपामुळे पटकथा अपुरी असतानाच चित्रीकरण सुरू झालं होतं. अपुऱ्या पटकथेची भरपाई एडिटिंगच्या टेबलावर कापाकापीने करता येत नाही.

एडिटरला तीन सूचना पुरतात. सलग चार झटपट कट झाले की पाचवा रुंद शॉट, निदान दोन सेकंद. कटच्या आधी नजर फ्रेममध्ये जिथे आहे, कटनंतरची महत्त्वाची गोष्ट साधारण तिथेच हवी. आणि पाठलाग डावीकडून उजवीकडे चाललाय तर दिशा बदलताना वळण दाखवायचं, नाहीतर दोन्ही गाड्या समोरासमोर येतायत असं वाटतं.

संगीताबाबत हात आखडता घ्या. टँजियरच्या त्या मारामारीत पार्श्वसंगीत नाही. धाप, फरशी, फुटणाऱ्या वस्तू, बस. आधीच्या गच्चीवरच्या धावपळीत ढोल वाजत असतात, म्हणून ती शांतता अंगावर येते. पहिला कच्चा कट नेहमी संगीताशिवाय पाहा. तिथे जो प्रसंग पडतो तो संगीताने उभा राहत नाही, फक्त गोंगाट करतो.

शेवटची दहा पानं

सर्वांत मोठा स्फोट शेवटी नको. तो शेवटून दुसरा ठेवा. मॉस्कोच्या बोगद्यात पाठलाग संपल्यावर बॉर्न लंगडत एका फ्लॅटमध्ये जातो आणि एका मुलीला सांगतो, की तुझ्या आईवडिलांना मी मारलं. दोन माणसं, एक खोली, हळू आवाज. खतावणीतली सर्वांत जुनी नोंद तिथे फिटते. हा प्रसंग लिहिताना कृती पूर्ण काढून घ्या. नायकाने हत्यार उचललं की वसुली पुन्हा मारामारी होऊन बसते.

तिसऱ्या भागाची चुणूक द्यायची असेल तर दोन मिनिटांच्या आत, आणि या भागाचा मुख्य प्रश्न सुटल्यानंतरच. मुख्य प्रश्नच लोंबकळत ठेवला तर प्रेक्षक फसवणूक समजतो, आणि ते बरोबरच आहे. चुणूक अशी हवी की आत्ता तिचा एक अर्थ पुरेसा वाटेल आणि पुढे दुसरा निघेल. बॉर्नच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी न्यूयॉर्कमधून फोनवर त्याला त्याचं खरं नाव आणि जन्मतारीख कळते: ४-१५-७१. दिलासा देणारा, समाधानाचा शेवट. तिसऱ्या भागात तोच फोन उत्तरार्धात पुन्हा येतो आणि तारीख पत्ता ठरते: ४१५, पूर्व ७१ वा रस्ता. त्यासाठी पडद्यावर एक नवी वस्तूसुद्धा आणावी लागली नाही.

खर्डा झाला की तो दोघांना द्या. एकाने पहिला भाग अजिबात पाहिलेला नसावा, दुसऱ्याने निदान दोनदा पाहिलेला असावा. पहिला जिथे "हा कोण?" विचारेल तिथे निळी खूण करा, दुसरा जिथे पानं भराभर उलटेल तिथे लाल. निळ्या खुणा बहुधा वीस-एक ओळींत निस्तरतात. लाल खुणा पंचविसाव्या ते पंचेचाळिसाव्या पानात दाटल्या असतील, तर पुन्हा चौथ्या रकान्याकडे जा. तिथे नायक अजून पहिल्या भागातल्याच युक्त्या खर्चतोय.